अंतराळातली लढाई आणि उधन्याचे मागवाले

उधना, सुरत
९ जानेवारी १९९७

तीर्थरूप गणपतमामांच्या पायांवर शालिग्रामचं डोकं. (पाय मागे घेतले असतील, तर जिथे घेतले असतील तिथवर डोकं सरकवलं आहे असं समजावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत तेल लावता का? डाव्या कानाला अजून ऐकू येत नाही, की आता उजवाही त्याला सामील झाला? मामींचा खोकला गेला असेल. इकडे आम्ही खुशाल आहोत. पुष्पाबाई तुम्हा दोघांना नमस्कार सांगते आणि मला सांगते की, पत्र लांबवू नका. ते तुम्ही मनावर घेऊ नका, मीही घेतलेलं नाही.

मागची माझी दोन पत्रं आणि एक दिवाळीचं भेटकार्ड तुम्हाला पोचलं असेल. उत्तर आलं नाही म्हणून मी आधी टपालखात्याला दोष दिला, मग आमच्या पोस्टमनला. मग पुष्पाबाई म्हणाली, एकदा आरशात बघा. तेव्हा आता आडपडदा ठेवत नाही. माझ्या बहिणीच्या, नूतनच्या लग्नात, हळदीच्या संध्याकाळी, मांडवात पंचवीस माणसांसमोर मी म्हणालो होतो की, "आमच्या मामांनी एकाहत्तरची अख्खी लढाई फोनवर हॅलो हॅलो करून जिंकली." लोक हसले. मीही हसलो, आणि हसू पुरलं नाही म्हणून हातात लोटा धरून तुमची नक्कलही केली. तुम्ही दुसऱ्या दिवशी भाचीच्या मागे मामा म्हणून उभे राहिलात, अक्षता पडेपर्यंत जागचे हलला नाहीत, आणि पंगतीला न बसता एसटीने निघून गेलात. त्याला वीस महिने झाले. हे पत्र त्या वीस महिन्यांबद्दल आहे, पण मला सरळ बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे ते मंगळावरून वळसा घालून येणार.

आता असलं बोलणं माझ्या तोंडी आलं कुठून, तर पुस्तकांतून. तुम्हाला ठाऊक आहे, मी लूमच्या खात्यात (इथे कारखान्याला खातं म्हणतात) कापडाचे ताके तपासतो. काचेच्या टेबलाखाली ट्यूब लावलेली असते, वरून कापड ओढत न्यायचं, आणि कुठे धागा सुटलाय, कुठे तेलाचा डाग आहे ते बघून तिथे कडेला लाल दोरा बांधायचा. अठरा वर्षं हेच केल्यामुळे मला कुठलीही गोष्ट नुसती बघता येत नाही, तिच्यातला दोष आधी दिसतो. (पुष्पाबाई म्हणते, लग्न ठरवायच्या वेळी एवढी नजर असती तर ती सुटली असती.) तर आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात कुणीतरी देणगी म्हणून दिलेली एक जाडजूड कादंबरी मला मिळाली. अंतराळातली पलटण, दोन चंद्र असलेला ग्रह, पाचशे शिपाई आणि समोर हिरवट रंगाचा शत्रू. मी ती तीन दिवसांत संपवली आणि मला वेडच लागलं. त्यानंतर रद्दीवाल्यांकडून, जत्रेतल्या ठेल्यांवरून, भुसावळच्या फलाटावरून शोधून शोधून आणलेली मराठी, हिंदी मिळून एकेचाळीस पुस्तकं आज त्या कपाटात आहेत, आणि सगळ्यांत एकच विषय आहे: पुढची लढाई कशी होईल.

मामा, ही पुस्तकं निवडणं म्हणजे भाजी निवडण्याइतकं सोपं नाही. मुखपृष्ठावर जाल तर फसाल. मुखपृष्ठावर यान जळत असेल तर आत बहुतेक कुणीतरी दोनशे पानं प्रेमपत्र लिहीत बसलेलं असतं. पहिल्या पाच पानांत अख्खा ग्रह उडवून दिला असेल तर ते पुस्तक तिथेच ठेवावं, कारण ज्याने सुरुवातीलाच सगळा दारूगोळा संपवला तो पुढे काय करणार? एका प्रकारात बंदुकीचं वर्णन इतकं असतं की शिपायाचं नाव लक्षात राहत नाही, बंदुकीचं राहतं. एका प्रकारात सेनापती फार भाषण करतो. (तो मरतो तेव्हा वाचकाला सुटल्यासारखं वाटतं.) आणि एक प्रकार असा आहे की, त्यात शिपाई घरापासून फार लांब असतो आणि लेखकाला ते लांब असणं समजलेलं असतं. असल्या एका कादंबरीत शिपायाचं पत्र घरी पोचायला अकरा वर्षं लागतात. ते वाचून मी फार हळहळलो होतो. आता वीस महिन्यांनंतर मला त्या शिपायाचं विशेष काही वाटेनासं झालं आहे.

माझी सवय मात्र तिथेही सुटली नाही. पुस्तकात दोष सापडला की मी त्या पानात लाल दोरा घालायचो. यानात हवा संपलीये आणि तरी नायक विडी ओढतोय, घाल दोरा. सहाशे कोसांवर रसद एका रात्रीत पोचली, घाल दोरा. असं एक पुस्तक मी सतरा दोरे घालून कपाटात ठेवलं, आणि ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष बळीराम (बीडकडचे, बांधकामावर मुकादम आहेत) यांच्या शांताबाई घरी घेऊन गेल्या. त्यांना वाचता बेताचंच येतं. त्यांनी बघितलं, पुस्तकातून लाल दोरे लोंबतायत आणि वर एक चार हातांची आकृती आहे, प्रत्येक हातात शस्त्र, मागे प्रकाशाचं वलय. (वलय म्हणजे जळता ग्रह होता आणि चार हातवाला हा शत्रूचा सेनापती.) कुणीतरी मंतरलेली पोथी आहे असं समजून त्यांनी ती देवघरात ठेवली. महिनाभर त्या सेनापतीला हळदकुंकू आणि खडीसाखर मिळाली. बळीरामांनी एक दिवस सहज उघडून वाचलं तेव्हा उलगडा झाला, आणि ते माझ्याकडे पुस्तक आपटायला आले. पण आपटताना आधी कपाळाला लावलं. तेव्हापासून बळीराम भेटले की विचारायचे, "आवं शालिग्राम, त्या कपाटात हार्मोनियम मावंल की न्हाई, मोजून बघा बरं." मंडळात भजनाची पार्टी मोठी आहे. माझी पुस्तकं गेली तर कुणाच्या डोळ्यांतून टिपूस यायचं नाही, हे मला कळत होतं.

म्हणून मी एक शक्कल लढवली. लोक वाचत नाहीत, पण बघतात. आमच्याकडे विजेच्या वाटणीमुळे आठवड्यातून एक दिवस खाती बंद असतात. त्या दिवशी दुपारी मंडळाच्या खोलीत भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आणून अंतराळयुद्धाचा सिनेमा दाखवायचा, म्हणजे लोकांना गोडी लागेल आणि कपाट वाचेल. कॅसेटवाला मगन माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "शालिग्रामभाई, आ लई जाओ, फुल फौज छे!" कव्हरवर खरोखरच फौज होती, ओळीने उभी, डोक्यावर काचेचे टोप. मी भाळलो. खिडक्यांना कोऱ्या कापडाचे पडदे लावले, बत्तीस माणसं जमली, सगळी रात्रीची बारा तासांची पाळी करून आलेली. सिनेमा सुरू झाला, आणि दहाव्या मिनिटाला ती फौज लांबचा प्रवास म्हणून बर्फाच्या पेट्यांत जाऊन झोपली. झोपली ती झोपलीच. पडद्यावर पेट्या आणि मंद संगीत, खोलीत अंधार. अर्ध्या तासात आमचे बत्तीसच्या बत्तीस जण त्या फौजेला जाऊन मिळाले. शेवटी पेट्या उघडल्या तेव्हा फक्त धुडकूआबा जागे झाले. (हे आपल्या शिंदखेड्याकडचे, तीस वर्षं मागावर आहेत, आमच्या खात्यात त्यांचा शब्द शेवटचा.) त्यांनी डोळे चोळत विचारलं, "पोचनात का रे त्या?" पोचले म्हटलं. "बरं जयं," म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

बळीरामांनी हार्मोनियमची मापं घेतली. मी त्यांच्याकडून आणखी एक आठवडा मागून घेतला, आणि या खेपेला मगनच्या दुकानात उभा राहून कॅसेट पुढून, मधून, शेवटून बघितली, ताका बघतात तशी. सिनेमा हिंदीत डब केलेला होता. एका उजाड चंद्रावरचं ठाणं, बाहेर धुळीचं वादळ, फाटकावर एक मोठी तोफ आणि तिच्यावर नायक. नायक म्हणजे काय सांगू, हनुवटी अशी की तिच्यावर पाटी टांगावी. तिकडे नायिकेला शत्रूने धरून नेलं, याला बातमी कळली, आणि हा तोफ तशीच सोडून, घोड्यासारख्या एका गाडीवर बसून भुर्रकन निघून गेला. संगीत वाजू लागलं. माझ्या अंगावर काटा आला. मामा, मला वाटलं आता टाळ्या पडणार.

तर धुडकूआबा उठून टीव्हीसमोर उभे राहिले आणि नायकाला म्हणाले, "ए भाऊ! माग सोडीसन कथा चालना तू? तुना जोडीदार उना का?"

जोडीदार यायच्या आत माग सोडून कुठे निघालास, हे आबांनी का विचारलं ते तुम्हाला समजावून सांगतो, कारण तुम्ही खात्यात कधी आला नाहीत. आमच्याकडे पाळी संपली म्हणून मागावरून हात काढता येत नाही. समोरच्या पाळीतला जोडीदार येऊन मागापाशी उभा राहिला की मगच आपण निघायचं. जोडीदाराला उशीर झाला, घरी बाळंतपण असलं, आपल्याला ताप असला, तरी तो येईपर्यंत माग आपला. माग सोडून गेलेल्या माणसाला उधन्यात कुणी चहाला बोलवत नाही. त्यामुळे त्या क्षणापासून बत्तीस माणसांच्या मनातून नायक उतरला. पुढे त्याने एकट्याने चाळीस शत्रू लोळवले तरी कुणी ढुंकून बघेना. मागून आवाज येत होते, "पर तोफवर कौन है?" "अरे, फाटक उघडंच आहे की!" दारात पापडाचं ताट घेऊन उभी असलेली पुष्पाबाई म्हणाली, "अन् ह्या लोके जेवतस कव्हय?" मी म्हणालो, सिनेमात जेवत नाहीत. ती म्हणाली, मग लढतात कशाच्या जिवावर? मी एकेचाळीस पुस्तकं वाचली, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आणि मग तो माणूस आला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, तळघरात एका टेबलाशी बसलेला, कानाला फोनचं यंत्र लावून. त्याला त्या सिनेमात नावसुद्धा नव्हतं. सगळं ठाणं रिकामं झालेलं आणि बाहेर धुळीत आपलेच शिपाई वाट चुकलेले, आणि हा एकेकाला फोनवरून सांगतोय, "बाएँ मुड़ो. हाँ, दीवार पकड़ के चलो. मैं सुन रहा हूँ." त्याच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. तो एकदा त्या घड्याळाकडे बघतो आणि एकदा दाराकडे. बस, एवढंच. ते दाराकडे बघणं आमच्या खोलीतल्या प्रत्येकाने केलेलं होतं. त्याची पाळी कधीच संपली होती आणि जोडीदार आला नव्हता. मग वरचं छत हादरलं, माती पडली, त्याने यंत्र एका कानावरून दुसऱ्या कानाला लावलं आणि पुन्हा म्हणाला, "हाँ, बोलो." तेवढ्यात दिग्दर्शकाला नायकाची आठवण झाली आणि पडद्यावर हनुवटी आली.

"मागं घे!" सगळे एकदम ओरडले. मी मागं घेतलं. पुन्हा बघितलं. पुन्हा मागं घेतलं. चौथ्या वेळेला मी कॅसेटचा डबा शोधायला बाहेर गेलो, म्हणून बळीराम स्वतः बटणापाशी येऊन बसले. पाचव्या वेळेला कॅसेट व्हीसीआरमध्ये गुंडाळली गेली आणि आतून फितीचा चोथा बाहेर आला. मगनकडे दुसरी प्रत नाही, आणि मी ताका बघतात तशी बघितली म्हणालो खरं, पण फोनवाल्याचं काय झालं तेवढंच नेमकं मी बघितलं नव्हतं. कारण मी नायकाला बघत होतो. त्यामुळे आज पंधरा दिवस झाले, त्या माणसाचा जोडीदार आला की नाही, हे अख्ख्या उधन्यात कुणालाही माहीत नाही. लोक चहाच्या टपरीवर वाद घालतात. धुडकूआबांचं म्हणणं, आला असणार, उशिरा का होईना. बमरोलीहून एक जण सायकल मारत विचारायला आला होता.

कपाट वाचलं, मामा. बळीराम स्वतः येऊन म्हणाले, असा माणूस असलेलं पुस्तक असंल तर द्या. मी एकेचाळीस पुस्तकं पुन्हा काढली आणि या वेळी फक्त फोनवाले, स्वयंपाकी, यंत्राला तेल घालणारे, पहारेकरी, एवढेच शोधले. स्वयंपाकी दोन सापडले. फोनवाले सहा. सहांपैकी चौघांना नाव नाही आणि एकाचं नाव दोन पानांवर वेगवेगळं आहे. मी आजवर हे दोष धरलेच नव्हते. नुसता विडीवर आणि हवेवर दोरे घालत बसलो. आता पुस्तक हातात घेतलं की मी आधी बघतो, यात फोनवर कोण आहे आणि त्याला लेखकाने नाव दिलंय का. नसेल तर ते कितीही गाजलेलं असो, मी परत ठेवतो. ही नवी रीत फार चांगली आहे. पुस्तकं कमी मिळतात, पण मिळतात ती रात्रीच्या जेवणासारखी अंगी लागतात.

तर त्या दिवशी चोथा झालेली फीत हातात धरून धुडकूआबांनी विचारलं, "हाऊ मानूस कोन शे रे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असेच माझे मामा होते. एकाहत्तरला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईने मला एवढंच सांगितलं होतं की तुझा मामा फोनवर होता आणि येताना एक कान तिथेच ठेवून आला. ते ऐकून मी लहानपणी हिरमुसलो होतो, कारण शेजारच्या दत्तूचा काका रणगाड्यावर होता. मामा, तुमचा तो कान आणि माझा तो लोटा एकदम डोळ्यांसमोर आले आणि मला स्वतःची लाज वाटली. मी चुकलो. अक्कल यायला मला टकल्या माणसाचा एक सिनेमा लागला, याबद्दलही माफी असावी.

विनंती एवढीच की, सोबत बारा पुस्तकांची यादी जोडली आहे, त्यातली कुठली खऱ्या फौजी माणसाला पटतील यावर खूण करून पाठवावी. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि तुम्हाला जे काय तुम्ही माझ्याकडून घ्याल ते.

तुमचा भाचा
शालिग्राम

ता. क. यादीची फारशी घाई नाही. खरं तर यादी जोडायची राहिलीच आहे.

ता. क. दुसरा. मंडळाच्या फळ्यावर लिहून झालं आहे की, २६ जानेवारीला सकाळी आठ वाजता झेंडावंदन सुभेदार गणपतराव यांच्या हस्ते. तुम्ही हवालदार म्हणून निवृत्त झालात हे मला ठाऊक आहे, पण लिहिताना हात वाहवत गेला. खडू आहे, पुसता येईल. अमळनेरहून रात्रीची गाडी पहाटे थेट उधन्याला येते. मी फलाटावर असेन, आदल्या दिवसापासूनच.

ता. क. तिसरा. आणखी एक सांगायला हवं. त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, तुमचे मामा फोनपाशी किती दिवस बसले होते? मी म्हणालो, अकरा. पाणी कोण द्यायचं? म्हणालो, एक लंगडा शिपाई. झोपायचे कधी? म्हणालो, झोपलेच नाहीत. मामा, यातलं मला एक अक्षर माहीत नव्हतं. मी चाळीस वर्षांचा आहे, लहानपणी सुट्टीत तुमच्या अंगणात झोपलो आहे, एकेचाळीस लढायांची पुस्तकं वाचली आहेत, आणि तुमच्या लढाईबद्दल तुम्हाला एकदाही काही विचारलं नाही. आता विचारतो. किती दिवस होतात? आणि तुमचा जोडीदार आला होता का?

ता. क. चौथा. पुष्पाबाई शेजारी बसून लिहायला लावते आहे की, चौथ्या वेळेला मागं घेतलं तेव्हा मी कॅसेटचा डबा शोधायला बाहेर गेलो नव्हतो, नळापाशी तोंड धूत होतो, आणि नळाला पाणी नव्हतं. लिहिलं.

ता. क. शेवटचा. सोबत एक कार्ड ठेवलं आहे. त्यावर माझा पत्ता मीच लिहिला आहे, तुम्हाला तेवढेही कष्ट नकोत. येणार असाल तर 'येतो' लिहा. येणार नसाल तर शिवी लिहा, पण मोठ्या अक्षरात लिहा, कारण आमचा पोस्टमन कार्डं आधी स्वतः वाचतो. त्याला मी रोज सांगतो आहे की, माझ्या मामांचं पत्र येणार आहे.